पंधरापैकी पंधरा

निकालाच्या दिवशी ग्राँद रावीनच्या लोकांनी एर्मीन आल्सीदला खांद्यावर घेतलं, तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती आणि तिचे गुडघे दुखत होते. "खाली ठेवा रे मला," ती सांगत होती, "पडले तर बघायला या गावात दुसरी नर्स नाही." लोक हसले आणि त्यांनी तिला आणखी उंच धरलं. तिच्या मैत्रिणीने, हायसिंथने, त्या दिवशी आपल्या दुकानातली रम फुकट वाटली. सेंट ओडिल बेटावरच्या संसदेच्या पंधराच्या पंधरा जागा तिच्या पक्षाने जिंकल्या होत्या. विरोधकांचा एकही माणूस निवडून आला नव्हता, त्यांचा नेतासुद्धा स्वतःच्या गल्लीत आपटला होता.

एर्मीनला राजकारणाची हौस कधीच नव्हती. गावच्या आरोग्य केंद्रात तिने सगळी नोकरी काढली. तुफानात केंद्राचं छप्पर उडालं, त्याच वर्षी ती निवृत्त झाली. पुढे छप्पर आलं, रंग आला, दाराला नवं कुलूपही आलं, फक्त कुलूप उघडणारं कोणी आलं नाही. मग लोक तिच्या घरी यायला लागले. ओसरीवर ब्लडप्रेशर, स्वयंपाकघराच्या टेबलावर मलमपट्टी. जे तिच्या आवाक्याबाहेरचं असे, ते डोंगराचा घाट चढून टाउनच्या, म्हणजे राजधानीच्या, इस्पितळात जाई, घाट चालू असला तर.

एकदा तो चालू नव्हता. हायसिंथची सून जोझेट कळा देत होती आणि भर दुपारी अर्ध्या घाटात दरड कोसळलेली. एर्मीनने पिकअपच्या मागच्या हौद्यात, केळीच्या घडांच्या शेजारी, ताडपत्रीखाली तिचं बाळंतपण केलं. नातू निळा पडला होता, पण रडला. हायसिंथ रस्त्यात गुडघे टेकून एर्मीनचे रक्ताने माखलेले हात धरून बसली होती. त्या दोघी पहिलीच्या वर्गात एका बाकावर बसलेल्या. आता हायसिंथ दुकान चालवी, शिवाय पक्षाच्या गावशाखेची अध्यक्ष होती.

ही बातमी टाउनपर्यंत गेली आणि पक्षाचे नेते फेलिक्स मोंदेसीर बाळाला बघायला आले. त्यांना सगळं बेट चीफ म्हणे. चीफनी बाळ मांडीवर घेतलं, फोटो काढून घेतले, हायसिंथच्या हातचं अळूचं कालालू दोनदा मागून खाल्लं आणि मग एर्मीनकडे वळून म्हणाले, "नर्सबाई, बाहेर उभं राहून किती दिवस ओरडणार? आत या. आपलं सरकार आलं की सगळ्यात आधी तुमच्या केंद्राचं कुलूप निघेल."

एर्मीन नको म्हणत होती. हायसिंथने तिला आठवडाभर सोडलं नाही. "हे बघ, वाढणाऱ्याच्या शेजारी बसलं तरच ताटात काहीतरी पडतं. आपल्या गावाचं माणूस पंगतीच्या टोकाला बसवलं, म्हणून आपण उपाशी."

"अगं, मला भाषण करता येत नाही."

"तुला भाषण कोण सांगतंय. तू नुसती हात हलव. ज्यांची पोरं तू काढलीस ते मत देतील."

आणि तसंच झालं.

सभागृहात पहिल्याच दिवशी एक अडचण आली. सरकारच्या बाजूच्या बाकावर नऊच माणसं मावत होती. निवडून आलेले पंधरा, आणि समोरचा विरोधकांचा बाक रिकामा. थोडी हसाहशी झाली, मग मंत्री होते ते इकडे बसले आणि उरलेल्या सहा जणांना समोर पाठवण्यात आलं. त्यात एर्मीन. तिच्या शेजारी बसलेला तरुण सदस्य कानाशी लागून म्हणाला, "नर्सबाई, आता जोरात विरोध करा बरं का." सगळा बाक खिदळला. एर्मीनही हसली. पहिला दिवस होता.

तीन महिने ती वाट बघत राहिली. आरोग्यमंत्री केनेल भेटले की म्हणत, "यादीत आहे, बाई, यादीत आहे." चौथ्या महिन्यात तिने सरळ सभागृहात प्रश्न द्यायचं ठरवलं: ग्राँद रावीनचं आरोग्य केंद्र कधी उघडणार? सभापती ल्यूबिन बाहेरून नेमलेले जुने वकील, माणूस सभ्य. त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि चहा दिला.

"बाई, हा प्रश्न मला घेता येणार नाही. नियमाने घेता येईल, पण आपल्याकडे तशी पद्धत नाही. प्रश्न विरोधक विचारतात, सरकार उत्तर देतं. तुम्ही कुणाला विचारताय? तुम्हीच सरकार आहात."

"मी सरकार असेन तर ते कुलूप मला उघडता आलं पाहिजे."

सभापतींनी चहात साखर ढवळली. "तुमचं म्हणणं मला कळतंय," ते म्हणाले. पण प्रश्न त्यांनी घेतला नाही.

त्याच संध्याकाळी चीफचा फोन आला. आवाजात राग अजिबात नव्हता. "नर्सबाई, घरातलं घरात बोलायचं. तुम्हाला काही करायचंय ना? मग मी तुम्हाला आरोग्य खात्याची संसदीय सचिव करतो. आतूनच कुलूप काढा."

एर्मीनला वाटलं, आपण जिंकलो. तिने नवा निळा पोशाख शिवला. खात्यात तिला टेबल मिळालं, खिडकी मिळाली, आणि शाळाशाळांत जाऊन मुलांना हात कसे धुवावेत हे दाखवायचं काम मिळालं. केंद्राचा विषय काढला की केनेल म्हणत, "आता तुम्ही खात्यातल्या. खात्याविरुद्ध खात्यातच कसं बोलता?" पूर्वी निदान ती बाहेर ओरडू शकत होती. आता मंत्रिमंडळाचा जो निर्णय तोच तिचा निर्णय, तो न पटला तरी. हा नियम तिला कुणी आधी सांगितला नव्हता, आणि तिनेही विचारला नव्हता.

अंदाजपत्रक आलं. त्यात बंदरावर उतरणाऱ्या पर्यटकांसाठी मोठा वाहनतळ होता. ग्राँद रावीनचं नावही नव्हतं. मतदानाला सभागृहाचे सचिव एकेकाचं नाव पुकारत होते आणि पक्षाचा आदेश होता. "आल्सीद?" अशी हाक आली. एर्मीनने क्षणभर समोर बघितलं. चीफ चष्मा पुसत होते.

"हो," ती म्हणाली.

कामकाज रेडिओवर चालू असे. घरी आली तेव्हा तिचा नवरा सिल्बर्ट मासेमारीचं जाळं दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली नाही. "ऐकलं," तो म्हणाला. "तुझा आवाजच ओळखू आला नाही."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"मला काय विचारतेस? मी कोळी माणूस. समुद्राला हो-नाही कोण विचारतं?"

त्या वर्षी म्हाताऱ्या एव्हारिस्टचा पाय गेला. साखरेची जखम, रोज पट्टी बदलावी लागे. संसद असली की एर्मीन टाउनला असे, आणि शाळांना हात धुवायला शिकवायचं असलं की बेटाच्या दुसऱ्या टोकाला. पट्टी राहत गेली. इस्पितळात नेलं तेव्हा गुडघ्याखाली वाचवण्यासारखं काही नव्हतं. ती भेटायला गेली, तर म्हातारा उशीला टेकून बसला होता. तिला बघून त्याला आनंदच झाला.

"काय नर्सबाई, टाउन मानवलं का?"

"एव्हारिस्टकाका, मी यायला हवं होतं."

"तू मोठी झालीस आता. रेडिओवर ऐकतो ना मी. त्या दिवशी तू हो म्हणालीस तेही ऐकलं." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "कशाला हो म्हणालीस गं? मला नीट कळलं नाही."

एर्मीनने पर्यटकांचा वाहनतळ, पक्षाचा आदेश, मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी, यातलं काय सांगावं याचा विचार केला. मग ती म्हणाली, "मलाही कळलं नाही, काका."

पुढच्या बैठकीत ती उठून उभी राहिली आणि तिने सभापतींना सांगितलं, की संसदीय सचिवपद आणि पक्ष, दोन्ही मी आजपासून सोडते आणि इथून पुढे सरकारच्या विरोधात बसते. अशा वेळी सदस्याने आपल्या जागेवरून निघून समोर जाऊन बसायचं असतं. पण एर्मीन आधीपासूनच समोर बसलेली होती. तिने कुठे जायचं? ती होती तिथेच खाली बसली. उठायची वेळ दुसऱ्यांवर आली. तिच्या बाकावरचे पाच जण एकमेकांकडे बघू लागले. पहिल्या दिवशी विनोद करणारा तो तरुण आधी उठला, आपली फाइल छातीशी धरून पलीकडे गेला. मग बाकीचे. नऊ माणसांच्या बाकावर चौदा जण कसेबसे दाटीवाटीने बसले, एक मंत्री तर बाकाच्या हातावर. इकडे एवढ्या लांब बाकावर एकटी एर्मीन.

"बाई," चीफ जागेवरूनच म्हणाले, "पाय पसरून बसा आता."

राज्यघटनेप्रमाणे विरोधात कोणी बसलं की विरोधी पक्षनेता नेमावाच लागतो, आणि विरोधात एकटीच असल्यामुळे तीच विरोधी पक्षनेती. गव्हर्नर जनरलनी तिला बोलावून शपथ दिली, लिंबाच्या केकचा तुकडा दिला. संसदेच्या इमारतीत खोली मिळाली. त्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या, त्या हलवायला माणूस मिळेना, तेव्हा सिल्बर्ट आणि त्याच्या भावाने त्या उचलून व्हरांड्यात ठेवल्या. सरकारी खर्च तपासणाऱ्या समितीचं अध्यक्षपद विरोधी नेत्याकडे असतं. एर्मीनने उत्साहाने बैठक बोलावली. तीन सदस्य आल्याशिवाय बैठक भरत नाही. बाकी सगळे सदस्य सरकार पक्षाचे. कुणाला पडसं झालं, कुणाच्या घरी पाहुणे आले. पाच वेळा तिने बैठक बोलावली, पाचही वेळा ती आणि लिहून घेणारा कारकून, दोघंच पंख्याखाली बसून परत गेले. शेवटच्या वेळी कारकून म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी डॉमिनो आणू का?"

हे सगळं तिने सोसलं असतं. गावाचं तिला सोसवेना.

राजीनाम्यानंतर पहिल्यांदा ती हायसिंथच्या दुकानात खारा मासा घ्यायला गेली, तेव्हा दुकान भरलेलं होतं आणि ती आत येताच डॉमिनो आपटण्याचा आवाज थांबला. हायसिंथने मासा तोलला, कागदात बांधला.

"बोल की काहीतरी," एर्मीन म्हणाली.

"काय बोलू? सगळं गाव माझ्याकडे बघतं. मी हिला उभी केली, मी हिच्यासाठी दारोदार फिरले. आणि ही भरल्या ताटावरून उठली."

"कुठलं भरलं ताट, हायसिंथ? केंद्राला अजून कुलूप आहे."

"आज ना उद्या निघालं असतं. आता कधी निघणार? विरोधी बाईच्या गावाला कोण नर्स देतं?"

"तुझा नातू पिकअपमध्ये जन्मला."

"ते वेगळं," हायसिंथ म्हणाली. "तू माझ्या नातवाला जगात आणलंस, त्यासाठी मी मरेपर्यंत तुझ्या पाया पडेन. पण हे राजकारण आहे. यात तू आम्हाला बुडवलंस."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "नर्सबाईंना गाडी मिळाली म्हणे." गाडी मिळाली होती हे खरं होतं. विरोधी नेत्याला मिळतेच. एर्मीनला तिथेच ती किल्ली काढून त्या माणसाच्या तोंडावर फेकावीशी वाटली. तिने मासा घेतला आणि ती चालत घरी आली. गाडी तिने त्यानंतर गावात आणलीच नाही, बसने जाई, तर लोक म्हणाले, बघा, नाटक करते.

थोड्याच दिवसांत पक्षाने पुढच्या निवडणुकीसाठी एर्मीनच्या मतदारसंघात आपलं माणूस जाहीर केलं. हायसिंथ. आणि त्यानंतर महिनाभरात जे घडलं, त्यावर एर्मीनचा आधी विश्वास बसेना. आरोग्य केंद्राला नवे दिवे आले. खाटा आल्या. भिंतीवर चीफचा हसरा फोटो लागला. चीफ स्वतः आले, हायसिंथने फीत कापली, पोरांनी गाणं म्हटलं. एर्मीनला निमंत्रण नव्हतं, पण गावच्या कार्यक्रमाला निमंत्रण कशाला लागतं म्हणून ती गेली आणि मागच्या रांगेत एव्हारिस्टच्या चाकाच्या खुर्चीशेजारी उभी राहिली.

"काही लोकांना घाई होती," चीफ माइकवर म्हणाले, "ते निघून गेले. ज्यांनी धीर धरला, त्यांचं काम झालं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एव्हारिस्टने वाजवल्या नाहीत, पण तो वर तिच्याकडे बघून म्हणाला, "तू आत होतीस तेव्हा काही झालं नाही. बाहेर पडलीस तर झालं. म्हणजे तुझ्यामुळेच झालं ना?"

"तसंच म्हणायचं, काका."

"मग हे लोक तिच्यासाठी का वाजवतायत?"

एर्मीनला टाळ्या नको होत्या, निदान तिने स्वतःची तशी समजूत घातली होती. पण समोर आपल्या शाळासोबतिणीच्या हातात ती चकचकीत कात्री बघून तिच्या मनात जे आलं, ते काही सात्त्विक नव्हतं.

फीत कापल्यावर आठ दिवस टाउनहून एक नर्स येत होती. मग ती आठवड्यातून दोनदा यायला लागली. मग घाट बंद झाला, मग तिची बदली झाली. केंद्राचं दार आता उघडं असे, झाडायला एक बाई येई आणि दिवसभर दिवे चालू ठेवी. आत कोणी नसे. लोक पुन्हा एर्मीनच्या ओसरीवर यायला लागले. जे दुकानात तिच्याशी बोलत नसत, तेही मागच्या दाराने येत, बाही वर करून बसत आणि म्हणत, "जरा प्रेशर बघ ना." ती बघे. एकदा रागाने तिने पट्टा इतका आवळला की पेशंट ओरडला.

सभागृहात तिने तोच जुना प्रश्न विचारला. आता तिला विचारता येत होता. मंत्री केनेल उठले आणि म्हणाले, "सभापती महोदय, ग्राँद रावीनचं केंद्र उघडं आहे."

"दार उघडं आहे, सभापती महोदय. आत माणूस आहे का?"

"माननीय सदस्यांनी केंद्र कधी उघडणार एवढंच विचारलं होतं. ते उघडलं. आता त्यांना आणखी काय हवं?" पलीकडचा बाक हसला. चौदा माणसं दाटीने बसून हसली, तेव्हा तो बाक हलला.

पुन्हा अंदाजपत्रकाचे दिवस आले. अंदाजपत्रकावर विरोधी नेत्याचं उत्तराचं भाषण असतं, आणि त्याला वेळेची मर्यादा नसते. हा नियम जुना, इंग्रजांच्या वेळचा, कुणी बदललेला नव्हता. एर्मीनला तो कारकुनाने सांगितला. सकाळी निघताना ती सिल्बर्टला म्हणाली, "आज मी जेवायला येणार नाही."

"किती बोलणार आहेस?"

"जितके पेशंट आहेत तितकं."

ती बोलायला उभी राहिली. भाषण असं ते नव्हतंच. तिने जोझेटपासून सुरुवात केली, केळीचे घड, ताडपत्री, निळं बाळ. मग एव्हारिस्टचा पाय, कोणत्या आठवड्यात जखम कशी दिसत होती. मग एक शाळामास्तर ज्यांना झटका आला आणि जे घाटात बसमध्येच गेले. मग तुफानानंतरच्या तापाची साथ. तिचा आवाज रोजचा, ओसरीवरचा. पहिल्या तासात मंत्री फोनमध्ये बघत होते. दुसऱ्या तासात एकेक जण चहाला जायला लागला. जेवणाच्या वेळेला पलीकडे इतके थोडे उरले की सभापतींना घंटा वाजवावी लागली. पुरेसे सदस्य आले नाहीत. सरकार आपल्याच अंदाजपत्रकातून उठून गेलं होतं, तेव्हा सभापतींनी कामकाज दुसऱ्या दिवसावर ढकललं.

"माननीय सदस्यांचं भाषण संपलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी अजून तुफानाच्या वर्षात आहे," एर्मीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी राहिली. आता मात्र मंत्र्यांना उठून जाता येईना. चीफना त्या संध्याकाळी शेजारच्या देशांच्या बैठकीला विमान पकडायचं होतं, महिना संपत आला होता, आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्याशिवाय पहिल्या तारखेला सरकारला पगारसुद्धा देता येणार नव्हते. चौदा जण त्या नऊ जणांच्या बाकावर दाटीने बसले आणि ऐकत राहिले. कुणाला खाज आली तरी खाजवायला जागा नव्हती. बेटावर दुकानादुकानांत रेडिओ चालू होता.

दुपारच्या सुट्टीत चीफ तिला चहाच्या खोलीत गाठायला आले. बरोबर कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशी एकेरीवर आले.

"काय हवंय तुला?"

"नर्स. कायमची. आठवड्याचे पाच दिवस, गावात राहणारी."

"आणखी?"

"एव्हारिस्टसारखी माणसं आहेत त्यांच्यासाठी औषधं. आणि हे तुम्ही सभागृहात बोलून दाखवायचं."

चीफनी मान हलवली. "नर्स देतो. सोमवारी येईल. औषधंही येतील. पण सभागृहात नाही. तू उभी राहिलीस म्हणून सरकार वाकलं, असं मी रेडिओवर म्हणू? उद्या माझे तेराचे तेरा जण मागणी घेऊन उभे राहतील. घोषणा हायसिंथ करेल, गावात. तू आता आत जायचंस, दोन वाक्यं बोलायचीस आणि खाली बसायचंस."

"आणि शब्द फिरवलात तर?"

"पुढच्या वर्षी अंदाजपत्रक आहेच की," चीफ म्हणाले. ते थोडं हसले, आणि त्या हसण्यात तिच्याबद्दल आदर होता असं तिला वाटलं. त्यानेच ती जास्त चिडली.

तिने टेबलावरचा बेक, तळलेला पाव, उचलला, पुन्हा ठेवला. आत जाऊन संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत बोलावं, विमान चुकवावं, सगळ्या बेटाला कळावं. घसा बसेपर्यंत ती बोलली असती. पण मग नर्स आली नसती, हेही तिला तितकंच पक्कं ठाऊक होतं.

ती आत गेली. "सभापती महोदय," ती म्हणाली, "माझं म्हणणं मी मांडलं. सरकारने ऐकलं असेल, अशी आशा करते." आणि ती खाली बसली. अंदाजपत्रक चौदा विरुद्ध एक असं मंजूर झालं.

घरी सिल्बर्ट दारात उभा होता. "का थांबलीस? सगळं गाव कान लावून बसलं होतं. आता तर रंग भरला होता." तिने त्याला खरं सांगितलं. तो जाळ्याची गाठ दाताने तोडत म्हणाला, "मी नसतो थांबलो."

"तुझं प्रेशर चांगलं आहे म्हणून."

शनिवारी गावात कर्णा फिरला. हायसिंथ मोटारीच्या टपावर बसून सांगत होती, की चीफनी आपल्या विनंतीला मान देऊन ग्राँद रावीनला कायमची नर्स दिली आहे. सोमवारी खरंच एक तरुण नर्स मिनीबसमधून उतरली, दोन बॅगा आणि उशी घेऊन. केंद्रासमोर रांग लागली. रांगेतली माणसं एकमेकांना म्हणत होती, "हायसिंथने करून दाखवलं. नर्सबाई नुसती दोन दिवस बडबडली आणि दमून खाली बसली."

एर्मीनने स्वतः जाऊन त्या पोरीला कपाटाच्या किल्ल्या कुठल्या, कोणाला पेनिसिलिन चालत नाही, हे सांगितलं. ती घरी आली तेव्हा ओसरीवर कोणी नव्हतं. किती वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी हायसिंथ आली. पुढच्या दाराने, रस्त्यावरच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हातात तेलात तळलेल्या नीरफणसाचं ताट होतं. ती बसली, तिने दुकानाच्या ऍप्रननेच तोंड पुसलं.

"मी कधी विनंती केलीच नव्हती," ती म्हणाली. "मला टाउनहून फोन आला, हे बोल म्हणून. दुकानात रेडिओ चालू होता, एर्मीन. जोझेटचं तू सांगितलंस तेव्हा मी दुकान बंद केलं आणि आत जाऊन बसले. खरं सांग. त्याला काय दिलंस?"

"काही नाही. बोलायचं थांबले."

"एवढंच?"

"त्याला एवढंच हवं होतं."

हायसिंथ ताटाकडे बघत राहिली. "लोकांना सांगू का मी? उद्या दुकानात सांगते सगळ्यांना."

"सांग. तुझं तिकीट जाईल, आणि त्या पोरीची बदली होईल. अजून तिची बॅगसुद्धा उघडलेली नाही."

"म्हणजे मी गप्प बसायचं?"

"मी वर्षभर सरकारात बसून गप्प होते," एर्मीन म्हणाली. "जमतं. फक्त रात्री जबडा दुखतो."

हायसिंथच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि गेलं. "आणि मी निवडून आले तर? मग पुन्हा पंधरापैकी पंधरा. मग तिथे बोलणार कोण?"

एर्मीनने खांदे उडवले. तिला राग आला होता, हायसिंथचा नाही, चीफचाही फारसा नाही, आणि नक्की कुणाचा ते सापडत नसल्यामुळे तो जातही नव्हता. तिने नीरफणसाचा एक तुकडा उचलला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"तुझ्या प्रेशरसाठी कमी घातलं," हायसिंथ म्हणाली.